लग्नाच्या टेबलावरचा बिनज्योतीचा दिवा

परदेशातल्या मराठी लग्नात प्रत्येकाच्या वाट्याला एक काम येतं. कोणी विमानतळावरून पाहुणे आणतं, कोणी गुरुजींना शोधतं, कोणी केटररला 'जेवणात वरणभात हवाच' हे पटवून देतं. गेल्या उन्हाळ्यात न्यू जर्सीत माझ्या मावसबहिणीचं लग्न झालं, तेव्हा माझ्या वाट्याला टेबलं आली. पंचवीस गोल टेबलं, आणि प्रत्येकाच्या मधोमध जे काही ठेवायचं ते. कारण सरळ होतं. हॉलच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये एक ओळ होती: टेबलांवर उघडी ज्योत चालणार नाही. मावशी म्हणाली, "तू दिव्यांवरच पीएचडी केलीस ना? मग बघ आता काय ते!"

खरं तर मी दिव्यांवर नाही, पांढऱ्या एलईडीच्या आत फॉस्फर नावाची जी पूड असते तिच्यावर काम करते. पण मावशीशी वाद घालण्यात अर्थ नसतो. त्या निमित्ताने जे वाचलं, करून पाहिलं आणि ज्या एका गोष्टीने माझी झोप उडवली, ते सगळं इथे सांगते. तुमच्या घरात लग्न, मुंज, डोहाळजेवण किंवा मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होणार असेल, तर तुम्हाला ते उपयोगी पडेल.

हॉलवाले 'नाही' का म्हणतात?

आपल्याला वाटतं, एवढीशी ती टी-लाइट, तिने काय होणार? थोडा हिशोब करू. एका टी-लाइटमध्ये साधारण १४ ग्रॅम मेण असतं आणि ती चारेक तास जळते. एक ग्रॅम पॅराफिन जळलं की सुमारे ४३ किलोज्यूल ऊर्जा मिळते. म्हणजे ती इवलीशी मेणबत्ती चार तास सतत ४० वॅटच्या आसपास उष्णता देत असते. उंच मेणबत्ती याच्या दुप्पट देते. टेबलावर सहा टी-लाइट आणि टेबलं पंचवीस, म्हणजे दीडशे ज्योती आणि ६,००० वॅट. अमेरिकेत घरात वापरायचा रूम हीटर जास्तीत जास्त १,५०० वॅटचा असतो. म्हणजे उन्हाळ्यात, एसी चालू असलेल्या हॉलमध्ये, आपण चार हीटर लावून बसतो!

उष्णतेपेक्षा मोठा प्रश्न तापमानाचा. ज्योतीच्या बाहेरच्या कडेला तापमान १,४०० अंश सेल्सियसच्या आसपास जातं, आणि कागद पेटायला २३० अंशांच्या आसपासचं तापमान पुरतं. गरम हवा वर जाते, त्यामुळे धोका ज्योतीच्या बाजूला कमी आणि वर जास्त असतो. वर काय असतं? फुलांच्या रचनेतून खाली लोंबणाऱ्या वेली, मेन्यूचं कार्ड, आणि वाकून पलीकडच्या काकूंशी बोलणाऱ्या कोणाचा तरी पदर. पॉलिएस्टर किंवा नायलॉनचं कापड जळताना वितळतं आणि अंगाला चिकटतं, हे आपल्या आयांनी स्टोव्हच्या काळात आपल्याला पुरेसं बजावलेलं आहे.

नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या आकडेवारीनुसार २०१५ ते २०१९ या काळात अमेरिकेतल्या घरांमध्ये मेणबत्तीमुळे दिवसाला सरासरी वीसेक आगी लागत होत्या. दर पाचातल्या तीन आगींचं कारण एकच: पेट घेणारी वस्तू ज्योतीच्या फार जवळ होती. हॉलमध्ये तर एकाच छताखाली तीनशे माणसं असतात. सप्टेंबर २०२३ मध्ये इराकमधल्या काराकोश इथे लग्नाच्या हॉलला आग लागून शंभराहून अधिक माणसं गेली. तिथे कारण मेणबत्ती नव्हतं, आत उडवलेले फटाके आणि झटकन पेट घेणारं छत हे होतं. पण अशा घटनांनंतर फायर मार्शल आणि विमा कंपन्या कडक होतात, ते उगाच नाही.

एक मात्र करा. 'उघडी ज्योत नको' म्हणजे नेमकं काय, हे हॉलला विचारून घ्या. पुष्कळ ठिकाणी काचेच्या भांड्यातली मेणबत्ती चालते, अट एवढीच की काचेची कड ज्योतीच्या टोकापेक्षा वर हवी. आमच्या हॉलला तेही चालणार नव्हतं.

ज्योत सुंदर का दिसते?

नक्कल करायची तर आधी असल वस्तू समजून घ्यायला हवी. १८६०-६१ च्या हिवाळ्यात मायकेल फॅरडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी नुसत्या एका मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली होती. त्यातला एक मुद्दा आपल्या आज्यांना व्याख्यानाशिवाय ठाऊक होता. तुपाच्या दिव्यावर ताटली धरून काजळ धरलेलं तुम्ही पाहिलं असेल. ते काजळ येतं कुठून? ते ज्योतीतच असतं. मेणाची किंवा तुपाची वाफ अर्धवट जळते तेव्हा कार्बनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. ते तापून लाल-पिवळे होतात, आणि ज्योतीचा सोनेरी प्रकाश म्हणजे हे तापलेले कण. ताटली मध्ये धरली की ते जळून जाण्याआधीच थंड होऊन तिच्यावर बसतात. ज्योतीचं सौंदर्य म्हणजे तापलेलं काजळ, असं म्हटलं तर वावगं होणार नाही.

तापलेल्या घन पदार्थाचा प्रकाश अखंड असतो, त्यात लाल ते निळ्यापर्यंत सगळे रंग असतात. मेणबत्तीत लाल-पिवळा भाग खूप आणि निळा अगदी थोडा. शास्त्रज्ञ याला रंग-तापमान म्हणतात. मेणबत्तीचं सुमारे १,९०० केल्विन, जुन्या साध्या बल्बचं २,७०० च्या आसपास, भर दुपारच्या उन्हाचं साडेपाच हजारांच्या आसपास. आकडा जितका लहान, तितका प्रकाश उबदार. 'वॉर्म व्हाइट' लिहिलेला दिवा मेणबत्तीशेजारी ठेवला तर पांढराफटक दिसतो, त्याचं कारण हे.

मेणबत्ती तशी फार कमी उजेड देते. तेजस्वितेचं एकक 'कँडेला' मेणबत्तीवरूनच आलं. चहूकडे एक कँडेला प्रकाश देणारी मेणबत्ती म्हणजे साडेबारा ल्युमेन. जुन्या ६० वॅटच्या बल्बला साठ-पासष्ट मेणबत्त्यांची बरोबरी साधते. मेणबत्तीच्या ऊर्जेचा एक टक्क्याहूनही कितीतरी कमी भाग दिसणाऱ्या प्रकाशात येतो, बाकी सगळी उष्णता. म्हणजे बिनज्योतीच्या दिव्याला उजेडाची मोठी कामगिरी करायची नसते. थोडाच, पण योग्य रंगाचा आणि जिवंत वाटणारा प्रकाश द्यायचा असतो. आणि तेच अवघड आहे.

एलईडीची 'ज्योत'

एलईडीत काहीच जळत नाही. अर्धवाहकाच्या तुकड्यातून वीज गेली की इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जेच्या पातळीवरून खाली येतात आणि तेवढीच ऊर्जा प्रकाशकणाच्या रूपात बाहेर टाकतात. पातळ्यांमधलं अंतर ठरलेलं, म्हणून रंगही ठरलेला. लाल एलईडी १९६२ मध्ये आला. चांगला निळा एलईडी यायला पुढे तीस वर्षं लागली, आणि त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. निळ्या एलईडीवर फॉस्फरचा थर दिला की तो थोडा निळा प्रकाश शोषून पिवळा-लाल प्रकाश देतो आणि मिश्रण आपल्याला पांढरं दिसतं.

स्वस्त टी-लाइटमध्ये एवढा खटाटोप बहुधा नसतो. त्यात थेट पिवळसर-नारिंगी रंगाचा एलईडी असतो, फॉस्फर नाही. शेजारी एक छोटी चिप असते. ती ठरावीक गणिताने तयार केलेले, पण यादृच्छिक वाटणारे आकडे काढत राहते आणि त्यानुसार उजेड कमी-जास्त करते. ही झाली 'फडफड'.

मग ती खोटी का वाटते? दोन कारणं. पहिलं, खऱ्या ज्योतीला आठवण असते. वाऱ्याची झुळूक आली की ती वाकते, मग हळूहळू सावरते. आत्ताचा उजेड मघाच्या उजेडाशी नातं ठेवून असतो. स्वस्त चिप मात्र एका पातळीवरून दुसरीवर उड्या मारते. शिवाय स्थिर हवेत खरी ज्योत जवळपास फडफडतच नाही! देवघरातली समई आठवा. म्हणून फडफड जितकी कमी, तितकी नक्कल चांगली.

दुसरं कारण सावल्यांचं. ज्योत फक्त मंद-तेज होत नाही, ती हलते, म्हणून पेल्याची, फुलांची सावली टेबलावर हलते. एलईडी जागचा हलत नाही, त्यामुळे सावली तिथेच राहते आणि नुसती फिकी-गडद होते. आपल्याला हे शब्दांत सांगता येत नाही, पण डोळ्याला कळतं. महागड्या मेणबत्त्यांमध्ये ज्योतीच्या आकाराचा प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा टांगलेला असतो. खालचं विद्युतचुंबक त्याला अनियमितपणे झुलवतं आणि एलईडी त्याच्यावर प्रकाश टाकतो. हे तंत्र डिस्नेच्या अभियंत्यांकडून आलेलं आहे. जे हलतं तेच डोळ्याला पटतं.

पैठणीची परीक्षा

आता आमची फजिती ऐका. स्वस्त टी-लाइटचा नमुना आणून अंधाऱ्या खोलीत सहा दिवे लावले. मावशी मोरपंखी पैठणी घेऊन आली आणि टेबलावर पसरली. मोरपंखी रंग गायब! साडी मळकट काळपट दिसत होती, काठाचा लाल रंग तपकिरी झाला होता. मावशी म्हणाली, "अगं, ही तर जुन्या रस्त्यावरच्या दिव्यांखाली दिसायची तशी दिसतेय."

तिने अगदी नेमकं निदान केलं होतं. पूर्वीच्या पिवळ्या सोडियम दिव्यांसारखाच या एलईडीच्या प्रकाशात रंगांचा फार अरुंद पट्टा असतो. साडी निळा-हिरवा प्रकाश परावर्तित करते म्हणून मोरपंखी दिसते, पण मुळात निळा-हिरवा प्रकाश तिच्यावर पडलाच नाही तर ती परत काय पाठवणार? खऱ्या मेणबत्तीत तो थोडा का होईना, असतो. हॉलचे मोठे दिवे चालू असतील तर हा दोष झाकला जातो. पण जेवणाच्या वेळी ते मंद करणार असाल, तर साड्या, फुलं आणि ताटातली मटारची उसळ, सगळ्यांवर अवकळा येते.

उपाय म्हणजे फॉस्फरवाला एलईडी घ्यायचा. खोक्यावर १,८०० ते २,२०० केल्विन लिहिलेलं असेल आणि रंग दाखवण्याची क्षमता सांगणारा सीआरआय हा आकडा ९० च्या वर असेल तर उत्तम. काहीच लिहिलेलं नसेल तर एक नग आणा आणि घरातली सगळ्यात आवडती साडी त्याच्या उजेडात धरा. आणि हो, फोनने व्हिडिओही काढून बघा. काही दिवे सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होऊन मंद होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण कॅमेऱ्यात काळे पट्टे येतात, आणि लग्नाच्या व्हिडिओत ते कायमचे राहतात.

मेणबत्तीच हवी असं कुठंय?

इतकं झाल्यावर मनात आलं, नक्कल करायचीच कशाला? आम्ही शेवटी टेबलांवर काचेच्या उभट भांड्यात पाणी घेतलं, त्यात गुलाबाच्या पाकळ्या आणि शेवंती सोडली, आणि तळाशी पाण्यात चालणारा एलईडीचा दिवा ठेवला. यात भौतिकशास्त्र आपल्या बाजूने काम करतं. पाण्यातून वर येणारा जो प्रकाश पृष्ठभागाच्या लंबाशी सुमारे ४९ अंशांपेक्षा जास्त कोन करतो, तो बाहेर पडतच नाही, परत खाली वळतो. त्यामुळे सगळं भांडंच आतून उजळल्यासारखं दिसतं. पाणी जरा हललं की टेबलावर प्रकाशाच्या लाटा हलतात. म्हणजे सावल्यांचा प्रश्न सुटला, तोही चिपशिवाय!

तांब्याच्या बारीक तारेवरचे दिवे बरणीत भरणं, किंवा चार्ज होणारा छोटा टेबल-लॅम्प ठेवणं, हेही चांगले पर्याय. दिव्याखाली आरसा ठेवला की दिव्यांची संख्या फुकटात दुप्पट होते.

एक मात्र टाळा. भांड्यात भरायला रंगीत 'वॉटर बीड्स' मिळतात, पाण्यात टाकले की फुगणारे मणी. ते मूळ आकाराच्या शंभर पटीपर्यंत फुगू शकतात. लहान मुलाने कोरडा मणी गिळला तर तो आतड्यात फुगून वाट अडवतो, आणि साध्या एक्स-रेमध्ये बहुधा दिसतही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या काही मोठ्या दुकानांनी मुलांसाठीच्या मण्यांची विक्री याच कारणाने थांबवली. पाकळ्या पुरेशा आहेत.

तो छोटा सेल

आता ज्याच्यासाठी मुख्यतः लिहायला बसले ते. लग्नाच्या दोन दिवस आधी एका ओळखीच्या काकूंनी प्रेमाने एक खोका आणून दिला. मंडळाच्या जुन्या दिवाळी कार्यक्रमातून उरलेल्या शंभरेक टी-लाइट. बेसमेंटमध्ये आम्ही त्या तपासत बसलो होतो. माझी दीड वर्षाची भाची शेजारीच खेळत होती. थोड्या वेळाने पाहिलं तर तिच्या हातात एक टी-लाइट, खालचं झाकण उघडं, आणि सेल नाही.

पुढची दहा मिनिटं मी विसरणार नाही. सगळे जमिनीवर ओणवे. तिचे आईवडील गाडी काढायला धावले. शेवटी सेल गालिच्याच्या काठाखाली सापडला. पण सापडेपर्यंत मला काय काय ठाऊक आहे, ते सगळं डोळ्यांसमोरून गेलं.

टी-लाइटमध्ये बहुधा सीआर २०३२ हा लिथियमचा सेल असतो, २० मिलिमीटर रुंद, ३ व्होल्टचा. हा आकार लहान मुलाच्या अन्ननलिकेत नेमका अडकतो. त्यातून काही गळतं म्हणून अपाय होतो असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. ओल्या अन्ननलिकेने सेलची दोन टोकं जोडली गेली की वीज वाहू लागते. ऋण टोकापाशी पाण्याचं विघटन होऊन हायड्रॉक्साइड तयार होतं, म्हणजे मोरी साफ करायच्या तीव्र क्षारासारखा पदार्थ, थेट मांसाला लागून. दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. पुढे अन्ननलिकेला भोक पडतं, शेजारच्या मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत जखम पोहोचू शकते. सेल 'संपलेला' असला तरी हे घडू शकतं, कारण दिवा पेटण्याइतका जोर नसला तरी एवढ्या कामापुरता उरलेला असतो. आणि मूल सुरुवातीला अगदी नीट खेळत असू शकतं.

अमेरिकेत २०२२ मध्ये 'रीसचा कायदा' झाला. असा सेल गिळून गेलेल्या एका लहानगीच्या नावाचा हा कायदा आहे. त्यानुसार अशा वस्तूंचं सेलचं झाकण स्क्रूड्रायव्हरसारख्या हत्याराशिवाय किंवा एकाच वेळी हाताच्या दोन वेगळ्या हालचाली केल्याशिवाय उघडता कामा नये. पण आपल्या मंडळांच्या आणि बेसमेंटमधल्या खोक्यांत या कायद्याच्या आधीचा माल आहे, नखाने उघडणाऱ्या झाकणाचा. तो दिवाळीला बाहेर येतो, मग डोहाळजेवणाला, मग लग्नाला. कोणाच्याही मनात वाईट नसतं. म्हणून आज उठून ते खोके बघा.

शंका आली तरी थांबू नका. उलटी करवू नका. थेट इमर्जन्सीला जा आणि 'बटन सेल गिळल्याची शंका आहे' हे पहिल्याच वाक्यात सांगा. एक्स-रे लगेच काढायला हवा. अमेरिकेत पॉयझन कंट्रोलचा १-८००-२२२-१२२२ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. एक वर्षाहून मोठ्या मुलाने गेल्या बारा तासांत सेल गिळला असेल, तर तिथले तज्ज्ञ दवाखान्याच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यायला सांगतात. मध क्षाराची तीव्रता थोडी थोपवतो, हे २०१८ च्या संशोधनात दिसलं. पण मध शोधण्यात वेळ घालवू नका, आणि वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नका. ब्रिटनमध्ये पालकांना सर्वसाधारण सल्ला वेगळा आहे: काही खायला-प्यायला न देता थेट ए अँड ई गाठा. तुम्ही राहता त्या देशातला सल्ला आजच पाहून फ्रिजवर लावून ठेवा.

आम्ही काकूंचा खोका परत केला नाही. प्रत्येक सेल काढून दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावली आणि बॅटरी गोळा करणाऱ्या केंद्रावर नेऊन दिला. टेबलांसाठी डबल ए किंवा ट्रिपल ए सेलवर चालणारे, स्क्रूने बंद होणारे दिवे घेतले. मांडताना मोजले, रात्री आवरताना पुन्हा मोजले. पंचवीसच्या पंचवीस.

आणि खरी ज्योत?

मावशीला एक गोष्ट शेवटपर्यंत खटकत होती. "शुभकार्यात सगळे खोटेच दिवे?" तिचा प्रश्न मला चुकीचा वाटला नाही. आम्ही हॉलशी पुन्हा बोललो. टेबलांवर ज्योत नाही, पण फायर मार्शलची परवानगी काढली तर विधीपुरता होम आणि समई चालणार होती. अट अशी की खाली न जळणारा पत्रा, जवळ अग्निशामक, आणि ज्योतीपाशी सतत एक जबाबदार माणूस.

ही शेवटची अट मला फार आवडली. आपल्याकडे होमाजवळ गुरुजी बसतात, समईत तेल घालायला घरातलं कोणीतरी लक्ष ठेवून असतं. ज्योत तिथेच लावायची, जिथे तिच्याकडे कोणाचं लक्ष असतं, ही जुनीच रीत आहे. टेबलावरच्या दीडशे मेणबत्त्यांकडे कोणाचंच लक्ष नसतं.

लग्नात समई मावशीनेच सांभाळली, खुर्ची टाकून, वरमाईच्या थाटात. पलीकडे पंचवीस भांडी पाण्यातून उजळली होती. भाची एका टेबलाच्या काठाला धरून उभी राहून पाकळ्यांकडे बघत होती. भांड्याचा तळ बंद होता, स्क्रू घट्ट होता, आणि मी तिच्याकडे बघत निवांत जेवत होते.